पुण्याची मालकी, ब्लॅकबर्नचा क्लब

नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीज समूहाने, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'वेंकीज'ने, इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला. शेअर्सचे २ कोटी ३० लाख पौंड मोजले आणि क्लबवरचं सुमारे २ कोटी पौंडांचं कर्जही अंगावर घेतलं. क्लब तेव्हा प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या श्रेणीत होता. मे २०१२ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि मे २०१७ मध्ये तिसऱ्या. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ.

श्रीमंत परदेशी मालक येतो, क्लब विकत घेतो आणि गावातले लोक फलक घेऊन रस्त्यावर उतरतात, अशा बातम्या आपण कित्येक वर्षं वाचतो आहोत. त्यात मालक कधी अमेरिकन असतो, कधी रशियन, कधी आखातातला. या प्रकरणात मालक आपल्या राज्यातला आहे. त्यामुळे त्याची चिकित्सा मराठीत व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मी रत्नागिरी जिल्ह्यात राहतो. इथे क्रिकेटच्या टूर्नामेंटला गाव लोटतं, फुटबॉल पोरं मोबाइलवरच बघतात. पण वेंकीज हे नाव पोल्ट्रीचा शेड असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंड्याच्या कोंबडीची बीव्ही-३०० ही जात आणि ब्रॉयलरची व्हेनकॉब पिल्लं याच समूहाची. संस्थापक बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हा व्यवसाय उभा केला. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने ठरवायचा आणि शेतकऱ्याने मान डोलवायची, हे मोडण्यासाठी १९८२ मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. 'माझं अंडं, माझा भाव, माझं आयुष्य' ही तिची घोषणा. राव १९९६ मध्ये गेले. क्लब घेतला तो त्यांच्या मुलांनी: अनुराधा देसाई, व्यंकटेश राव आणि बालाजी राव यांनी. राबणाऱ्याचा शब्द चालला पाहिजे, या विचारावर वाढलेलं हे घर आहे. म्हणून पुढे जे घडलं ते मला जास्त लागतं.

गिरण्यांचं गाव

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मागांवर विणलेली धोतरं जहाजं भरभरून हिंदुस्थानात यायची. त्याच काळात मुंबईतही गिरण्या उभ्या राहत होत्या आणि त्या चालवायला रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं बोटीने मुंबई गाठत होती. पुढे स्वदेशीच्या चळवळीने लँकेशायरच्या मागांना फटका बसला. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी तिथल्या बेकार कामगारांना भेटायला मुद्दाम डार्वेनला गेले. डार्वेन ब्लॅकबर्नला लागूनच आहे. आज दोन्हींचा कारभार एकच स्थानिक परिषद बघते. नंतर तिथल्या गिरण्या बंद पडत गेल्या, जशा १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळच्या पडल्या. ज्यांच्या घरातले वडील-आजोबा गिरणीत होते त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. भोंगा थांबतो तेव्हा पगार तर जातोच, पण आपण कोण, कुठले, हे सांगायची जागाही जाते. ब्लॅकबर्नमध्ये ती जागा फुटबॉल क्लबने सांभाळली.

क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये ज्या १२ क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली त्यातला एक, आणि १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही संस्थापकांत. ईवूड पार्क या त्यांच्या मैदानात ३१ हजारांवर माणसं बसतात.

श्रीमंत मालक या गावाला नवा नव्हता. जॅक वॉकर हे ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेले, पोलादाच्या धंद्यात मोठे झालेले गृहस्थ. धंदा विकून आलेला पैसा त्यांनी नव्वदच्या दशकात क्लबमध्ये ओतला. केनी डाल्ग्लिशना मॅनेजर, म्हणजे संघ निवडणारा आणि चालवणारा मुख्य माणूस, म्हणून आणलं, गोल करणाऱ्या ॲलन शिअररला घेतलं आणि १४ मे १९९५ रोजी ब्लॅकबर्न इंग्लंडचा विजेता झाला. शेवटच्या दिवशी त्यांचा संघ लिव्हरपूलमध्ये १-२ हरला होता. पण मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमकडे बरोबरीत अडकला आणि ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने चषक ब्लॅकबर्नला आला. तोही पैशाच्या बळावरचा विजय होता, हे कबूल केलं पाहिजे. वॉकर स्वतः गावात राहतही नव्हते, जर्सी बेटावर राहायचे. पण मॅचला ते येत, लोकांना दिसत, लोक त्यांना जाब विचारू शकत. ऑगस्ट २००० मध्ये ते वारले. त्यांच्या ट्रस्टने आणखी १० वर्षं क्लब सांभाळला आणि मग गिऱ्हाईक शोधलं.

पहिले काही आठवडे

क्लब हातात आला तेव्हा तो बुडत नव्हता. सॅम ॲलरडाइस मॅनेजर होते आणि संघ २० पैकी तेराव्या जागेवर होता. खेळ देखणा नसे, पण वरच्या श्रेणीत टिकून राहायचं कसं हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. १३ डिसेंबर २०१० रोजी, ताबा घेतल्यावर महिनाही पुरता झाला नव्हता, तेव्हा त्यांना काढलं. जागी आले स्टीव्ह कीन, जे संघाचे प्रशिक्षक होते पण मॅनेजर कधी नव्हते. कीन यांचे एजंट जेरोम अँडरसन, आणि क्लब विकत घेताना मालकांना सल्ला देण्यात अँडरसन यांचा सहभाग होता. ही साखळी लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मँचेस्टर युनायटेडच्या ॲलेक्स फर्ग्युसननीही या हकालपट्टीवर उघड टीका केली.

जानेवारीत रोनाल्डिन्योला आणण्याची भाषा झाली, बेकहॅमचंही नाव आलं. रोनाल्डिन्यो ब्राझीलला, फ्लामेंगोकडे गेला. फेब्रुवारीत क्लबचे अध्यक्ष जॉन विल्यम्स गेले. कमी पैशात घर चालवावं तसा हा क्लब त्यांनी बरीच वर्षं प्रीमियर लीगमध्ये टिकवला होता. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महागडं नुकसान हेच. मॅनेजर गेला तर दुसरा मिळतो. पण कुठल्या एजंटला दारात उभं करायचं नाही, कुठल्या खेळाडूचा गुडघा कागदावर दिसतो त्यापेक्षा वाईट आहे, ही जाण असलेला माणूस गेला की तो रिकामा कोपरा कुणाला दिसतसुद्धा नाही.

तो मोसम कसाबसा निभावला. शेवटच्या दिवशी वुल्व्ह्जच्या मैदानावर ३-२ जिंकून संघ वाचला. उन्हाळ्यात क्लबच्या अकादमीत, म्हणजे पोरांना खेळाडू म्हणून घडवणाऱ्या शाळेत, घडलेला फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला विकला. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीबरोबर मैत्रीपूर्ण सामना खेळून गेला. ड्रेसिंग रूममध्ये खेळाडू कोंबडीवर ताव मारतायत, अशी वेंकीजची जाहिरातही आली. इकडे पाहणाऱ्याला त्यात काहीच खटकलं नसेल. तिकडे संघ तळाशी होता आणि लोकांना ती जाहिरात जिव्हारी लागली.

७ मे २०१२ रोजी ईवूड पार्कवर विगनकडून ०-१ अशी हार झाली आणि क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या रंगाचं कापड पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली. जगभर तो फोटो फिरला आणि आपल्याकडे तो गंमत म्हणूनच पाहिला गेला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या दिवशीचे स्टँड येतात. ज्यांनी आयुष्यभर तिकिटं काढली त्यांना आपलं म्हणणं मालकापर्यंत पोचवायला एक कोंबडी सोडावी लागली, कारण दुसरा कुठलाच रस्ता उरला नव्हता.

खांब कुठे घ्यायचे

आमच्याकडे बहुतेक वाड्यांना दोन मंडळं असतात. गावात ग्रामस्थ मंडळ आणि चाकरमान्यांचं मुंबई मंडळ. पैसा बहुतेक करून मुंबईचा, राबणं गावाचं. आमच्या शेजारच्या गावात ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. नकाशा मुंबईत ठरला, ठेकेदार मुंबईचा. सभामंडप देखणा झाला, यात शंका नाही. पण शिमग्याला पालखी नाचवायची वेळ आली तेव्हा कळलं, की मधल्या दोन खांबांमधून पालखी खांद्यावर घेऊन वळताच येत नाही. गुरवाला आधी विचारलं असतं तर त्याने चार पावलं चालून दाखवलं असतं. "आबा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?" असं एका चाकरमान्याने त्याला विचारलं. "मला विचारलं कुनी?" एवढंच तो म्हणाला.

पैसे देणाऱ्यांच्या भक्तीत खोट नव्हती. मी हे मुद्दाम सांगतो, कारण वेंकीजच्या हेतूंबद्दल इंग्लंडमध्ये जे वाट्टेल ते बोललं गेलं त्यातलं बरंचसं मला पटत नाही. आमच्या गावाला मात्र एक सोय होती. चाकरमानी शिमग्याला आले, पालखी अडली ती त्यांनी समोर उभं राहून पाहिली, देवळातच बैठक बसली, आवाज चढले, आणि पुढच्या शिमग्याआधी गर्डर टाकून दोन्ही खांब काढले गेले.

ब्लॅकबर्नला ही सोय मिळाली नाही. सुरुवातीला मालक सामन्यांना जात. कीनविरोधात घोषणा वाढल्या, मालकांच्या तोंडावर ओरडा होऊ लागला, आणि क्लब घसरल्यानंतर त्यांचं येणं आटलं. मग वर्षानुवर्षं ते ईवूड पार्कवर दिसलेच नाहीत. मॅनेजर आणि अधिकारी विमानाने पुण्याला येत, बोलून परत जात. शिव्या खायला कोण जाईल, हे माणूस म्हणून समजू शकतं. पण अडलेली पालखी ज्याने पाहिलीच नाही, त्याला खांब चुकला हे कोण पटवून देणार?

सही कोणाची?

या प्रकरणाचा अभ्यास करणाऱ्याने एका तपशिलावर थांबावं असं मी सुचवेन: हेनिंग बर्ग यांचा खटला.

सप्टेंबर २०१२ मध्ये कीन यांनी राजीनामा दिला. ऑक्टोबरच्या शेवटी बर्ग मॅनेजर झाले. १९९५ च्या विजेत्या संघात ते खेळले होते, म्हणजे गावाच्या ओळखीचा माणूस. करार तीन वर्षांचा. मुदतीआधी काढलं तर उरलेल्या काळाचा मूळ पगार द्यायचा, असं कलम त्यात होतं. १० सामन्यांत एक विजय, आणि ५७ दिवसांनी बर्ग यांना काढलं. त्यांनी कराराप्रमाणे पैसे मागितले. क्लबने आधी देणं मान्य केलं आणि मग कोर्टात भूमिका फिरवली: असा करार करण्याचा अधिकार आपल्या व्यवस्थापकीय संचालकाला नव्हताच! कोर्टाने ते मानलं नाही आणि २०१३ मध्ये बर्ग यांना सुमारे साडेबावीस लाख पौंड देण्याचा निकाल झाला.

रक्कम बाजूला ठेवू. क्लबच्या कचेरीत बसलेला सगळ्यात वरचा अधिकारी करारावर सही करतो, आणि क्लबच नंतर म्हणतो की त्याच्या सहीला किंमत नाही. मग किंमत कुणाच्या सहीला होती? ब्लॅकबर्नमध्ये बसलेल्या कुणाच्याच नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. बर्ग यांच्या जागी आलेले मायकेल ॲपल्टन ६७ दिवस टिकले.

हा रोग नंतरही बरा झाला नाही, फक्त त्याची लक्षणं बदलली. जानेवारी २०२३ मध्ये लुईस ओब्रायन या खेळाडूला नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून उसना घ्यायचं ठरलं. कागदपत्रं मुदतीत पोचली नाहीत आणि व्यवहार बारगळला. त्या मोसमात ब्लॅकबर्न सातवा आला, आणि प्लेऑफची, म्हणजे वरच्या श्रेणीत जायच्या शेवटच्या संधीसाठी होणाऱ्या सामन्यांची, सहावी जागा गेली ती केवळ गोलफरकाने. बरोबर एक वर्षाने, जानेवारी २०२४ मध्ये, अमेरिकेतून डंकन मॅग्वायरला आणताना पुन्हा कागदांतच घोळ झाला. एकदा झालं तर चूक म्हणता येईल. लागोपाठ दोन वर्षं झालं म्हणजे कारभाराचीच घडी बसलेली नाही, असं म्हणावं लागतं.

मालकांच्या बाजूने

मालकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, आणि ते तोंडदेखलं नको. या कुटुंबाने इतक्या वर्षांत २० कोटी पौंडांहून जास्त पैसा क्लबमध्ये घातला, आणि तो परत मिळण्याची वाट जवळपास नाही. दुसऱ्या श्रेणीतले क्लब तिकिटं आणि टीव्हीच्या पैशावर खेळाडूंचे पगारही भागवू शकत नाहीत. दर वर्षी मालकाने खड्डा भरायचा, हीच तिथली रीत झाली आहे. ब्लॅकबर्नच्या आसपासची गावं बघा. 'बरी' नावाच्या गावाचा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून थेट काढून टाकला गेला, १३४ वर्षांचा क्लब. त्याचा मालक इंग्रजच होता. बोल्टन २०१९ मध्ये कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेला, विगन २०२० मध्ये. ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही. तिसऱ्या श्रेणीत घसरल्यावरही मालकांनी हात आखडला नाही. टोनी मोब्रे यांना मॅनेजर म्हणून ठेवलं आणि एप्रिल २०१८ मध्ये पहिल्याच फटक्यात क्लब वर आला. पहिल्या प्रतीचा दर्जा असलेली अकादमी चालू ठेवली. ॲडम व्हार्टनसारखा पोरगा तिथेच घडला.

म्हणून 'परदेशी मालक वाईट' असं एका ओळीत उरकणं मला पटत नाही. 'बरी'चा क्लब बुडवायला परदेशी माणूस लागला नाही. उलट पोर्ट्समथमध्ये एकामागून एक मालक आले आणि गेले, क्लब पार खाली आला, आणि २०१३ मध्ये चाहत्यांच्याच ट्रस्टने तो विकत घेऊन उभा केला. कार्डिफमध्ये मलेशियन मालकाने २०१२ मध्ये संघाचा निळा रंग बदलून लाल केला. लोक अडून बसले आणि २०१५ मध्ये निळा परत आला. कार्डिफचा मालक चुकला, पण सामन्यांना येत राहिला आणि शेवटी वाकला. जर्मनीत तर नियमच आहे: क्लबमधली मतांची बहुसंख्या सभासदांकडे राहिली पाहिजे, पैसा कुणाचाही येवो.

दिल्लीत अडकलेला पैसा

२०२३ पासून या गोष्टीला जे वळण लागलं ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. परकीय चलन कायद्याखाली या समूहाची ईडीकडून चौकशी सुरू होती. चौकशी म्हणजे दोष नव्हे, आणि त्या बाबतीत मी काही ठरवायला बसलेलो नाही. पण तिचा परिणाम असा, की क्लबला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी लागू लागली, आणि जेवढे पाठवायचे तेवढ्याच रकमेची बँक गॅरंटी. तारखा पडू लागल्या, लांबू लागल्या. तारीख पुढे गेली म्हणजे काय होतं हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण लँकेशायरमधल्या मॅनेजरला ते कोण समजावणार? त्याला उन्हाळ्यात सांगितलं होतं की खेळाडूंसाठी अमुक इतका पैसा आहे. मग कळलं की नाही.

मग विक्री सुरू झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हार्टन क्रिस्टल पॅलेसला गेला, सुरुवातीचे १ कोटी ८० लाख पौंड आले. मॅनेजर योन दाल टोमासन त्याच महिन्यात निघून गेले. त्या मोसमात सॅमी स्मॉडिक्सने २७ लीग गोल केले, श्रेणीत सर्वाधिक. तरी संघ शेवटच्या दिवशी लेस्टरला हरवून जेमतेम वाचला, आणि ऑगस्टमध्ये स्मॉडिक्सही इप्सविचला विकला गेला. पुढचे मॅनेजर जॉन युस्टेस यांनी त्यातूनही संघ वर नेला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, संघ प्लेऑफच्या जागेत असताना, ते डर्बी काउंटी या क्लबकडे निघून गेले. डर्बी तेव्हा घसरणीच्या जागेत होता. वर चढणारी नाव सोडून माणूस बुडणारीत उडी मारतो, तेव्हा त्याला कुठल्या नावेच्या नावाड्यावर भरवसा वाटतो हे विचारायची गरज उरत नाही.

इथे प्रश्न मालकांच्या नीयतीचा नाही. एका कुटुंबाच्या एका खिशातून क्लब चालतो. तो खिसा दुसऱ्या देशातल्या कायद्याने बांधला गेला, की त्या गावाकडे काहीच उरत नाही. त्या कोर्टात उभं राहून 'आमचं काय' म्हणायचा अधिकारही त्यांना नाही. दुरून आलेल्या पैशाचा खरा धोका हा आहे. विकत घेताना कुणीच हा प्रश्न विचारला नाही: पैसा येण्याची वाट बंद झाली तर क्लब किती महिने तग धरेल?

इंग्लंडने उशिरा का होईना त्यावर पाऊल उचललं. जुलै २०२५ मध्ये फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला आणि स्वतंत्र नियामक आला. मालकांची पारख, क्लबच्या हिशेबांवर नजर, मैदान विकायचं किंवा बिल्ला आणि रंग बदलायचे तर त्यावर अंकुश, चाहत्यांशी सल्लामसलत, हे सगळं आता कायद्यात आलं. ब्लॅकबर्नमध्ये २०२१ साली सराव केंद्राच्या जमिनीवर घरं बांधायचा बेत पुढे आला होता. लोकांनी विरोध केला आणि तो बारगळला. असं दर वेळी लोकांच्या रेट्यावर सोडायची वेळ आता तरी कमी यावी.

या सगळ्याकडे पुण्यातून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. त्याच वर्षांमध्ये पुण्यातले मोठे क्लब एकामागून एक गेले. पुणे एफसी २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. एफसी पुणे सिटीची फ्रँचायझी २०१९ मध्ये हैदराबादला हलवली गेली. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. तिन्ही वेळा निर्णय मालकांनी घेतला आणि बालेवाडीला जाऊन ओरडणाऱ्या पोरांना बातमीतून कळलं. म्हणजे ब्लॅकबर्नच्या लोकांचं दुखणं आपल्या पोरांनीही सोसलं आहे. फरक इतकाच की त्यांच्या क्लबला १५० वर्षांची मुळं आहेत आणि म्हणून तो अजून उभा आहे.

माझ्या दृष्टीने सगळ्यात वाईट घटना महिला संघाची. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातल्या किएरा वॉल्श, एला टून, जॉर्जिया स्टॅनवे या तिघी कधी ना कधी ब्लॅकबर्नच्या जर्सीत खेळल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात क्लबने महिलांच्या दुसऱ्या श्रेणीचा परवाना पुढे चालू न ठेवण्याचा निर्णय घेतला. परवान्याच्या अटी पाळायच्या तर सोयीसुविधांवर खर्च करावा लागला असता. मैदानावर हरून खाली जाणं वेगळं. या मुली हरल्या नव्हत्या. त्यांना कागदावर खाली उतरवलं गेलं. पुरुष संघावरच्या खर्चाच्या मानाने तो खर्च फार नव्हता. कोंबडीपालनाच्या धंद्यात शेकडो माणसांची कामं ज्यांनी उभी केली, आणि ज्या समूहाच्या प्रमुख स्वतः एक महिला आहेत, त्यांच्या क्लबमध्ये हे व्हायला नको होतं. झालंच, तर त्याचं कारण त्या मुलींना समोर बसवून सांगायला मालकांपैकी कुणीतरी जायला हवं होतं. अजूनही जाता येईल. पुण्याहून मँचेस्टरला पोचायला एक दिवस लागतो आणि तिथून ब्लॅकबर्न तासाभरावर आहे.